डॉक्टरांचे खिसे

इस्पितळाच्या धुलाई विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे कडकबाई म्हणत. ते कपड्यांच्या खळीमुळे की स्वभावामुळे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

डॉक्टर मंडळी कोट धुवायला टाकत, पण खिसे रिकामे करायला त्यांना सवड नसे. पेनं निघत, अर्धी खाल्लेली बिस्किटं निघत. एकदा प्रेमपत्र निघालं, तेही स्वतःच्या बायकोला लिहिलेलं नव्हे. तोवर बाईंनी हसून घेतलं. मग एका कोटातली वापरलेली सुई कपडे निवडणाऱ्या, सगळे आत्या म्हणत त्या जुन्या कामगारणीच्या तळहातात घुसली. रक्ताच्या तपासण्यांच्या धास्तीनं आत्यांचं जेवण सुटलं. बाईंनी डॉक्टरांच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घेतली.

तयारी घरी केली, नवऱ्यापुढे. डॉक्टरांसारखं आडवं कसं यायचं हे त्याला शिकवावं लागलं नाही; बावीस वर्षं तो त्यांचं बोलणं मध्येच तोडत आला होता. त्याच्याशी भांडत बसलं की मूळ विषय वाहून जातो, हे बाईंना अनुभवानं ठाऊक होतं.

बैठकीत चाळीस डॉक्टर, निम्मे मोबाइलमध्ये. थोरले सर्जन पहिल्याच वाक्याला आडवे आले. सुया कचऱ्यातून येत असतील, म्हणाले. त्यावर दोन मिनिटांत येतेच, असं सांगून बाईंनी वाक्य सोडलं तिथूनच उचललं. कुणाचा तरी फोन वाजला. तो बंद होईपर्यंत त्या हाताची घडी घालून गप्प उभ्या राहिल्या. मग कुणीतरी विचारलं, तुम्ही हातमोजे का वापरत नाही? बाईंनी आत्यांचा भोक पडलेला जाड हातमोजा पिशवीतून काढला आणि बघायला फिरवला.

सर्जन उठूनच उभे राहिले. "सुया आमच्याच कोटातल्या, याला पुरावा काय?"

बाईंनी वही उघडली. "प्रत्येक कोटाच्या कॉलरला नंबर शिवलेला असतो, साहेब. कुठल्या कोटातून काय निघालं, तारखेसकट लिहून ठेवलंय. नावं वाचू?"

सगळे मोबाइल खाली गेले. सर्जनांचा हात नकळत स्वतःच्या खिशात गेला.

"त्याची काही गरज नाही," ते म्हणाले आणि बसले.

खिसे उलटे करूनच कोट टाकायचे, असं ठरलं. बाहेर येऊन बाई भिंतीला टेकल्या. काही आठवड्यांनी आत्यांच्या शेवटच्या तपासण्याही चांगल्या आल्या, तेव्हा कडकबाई साबणाच्या पोत्यांमागे जाऊन रडून आल्या.

सुया बंद झाल्या, बिस्किटं चालूच आहेत. सर्जनांनी मात्र रागारागानं आपले खिसेच शिवून घेतले. हल्ली ते चष्मा कुठे ठेवला म्हणून नर्सना विचारत फिरतात.