बंद दाराबाहेरच्या बाई

आमच्या हॉस्टेलच्या बाई दारावर टकटक करायच्या आणि आतून उत्तर येईपर्यंत चक्क बाहेर उभ्या राहायच्या. मला याची गंमत वाटायची. मी दार वाजवायची ते आत शिरता शिरता!

२००३ साली आमचे हे न्यू जर्सीतल्या एका निवासी शाळेत गणित शिकवायचे. आम्हाला घर मिळालं ते मुलींच्या हॉस्टेलच्या तळमजल्यावर. बाई तिथल्या हाउसमदर, म्हणजे मुलींची देखभाल त्यांच्याकडे. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात कायम पुरुषी बूट. मी त्यांची मदतनीस. म्हणजे कुणी नेमलं नव्हतं, आपली मीच. खोल्यांत शिरून चादरी झटकायची, कपड्यांच्या घड्या करायची. एकीची फाटकी जीन्स तर शिवून, इस्त्री करून ठेवली. ती रडली. मला वाटलं, आनंदानं. बाई म्हणाल्या, "अगं, तिनं ती फाटकीच विकत घेतली होती. आधी विचारावं."

त्या वर्षी टेक्सासमधल्या प्लेनोहून सई आली, नववीत. या शाळेची हौस तिच्या बाबांना. पोरगी धड जेवेना, बोलेना. शनिवारी बाबा भेटायला येणार, तर सकाळपासून दार लावून बसलेली. मी शिऱ्याची वाटी घेऊन वर गेले. मराठी मुलीनं असं कच खाऊन कसं चालेल?

"सई, शिरा खा गं. अगं, मी लग्न होऊन इथे आले ना, तेव्हा..."

"काकू, प्लीज. आय ॲम फाइन."

माझी गोष्ट पहिल्या बर्फापर्यंत पोचली, तरी दार बंदच.

तेवढ्यात बाई आल्या. टकटक करून म्हणाल्या, "मी इथे बसलेय," आणि कॉरिडॉरमध्ये खाली फतकल मारली. मी पुन्हा तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "आता तिची बोलायची पाळी." गप्प बसायचं म्हणजे तोंडाला काहीतरी काम हवं. मी सगळा शिरा संपवला.

अखेर दार उघडलं. "काकू, आर यू ओके? तुमचा आवाजच बंद झाला!"

मग बाईंनी तिला विचारलं, "तुला काय हवंय?" हे मला सुचलंच नव्हतं. मी उत्तर घेऊनच वर गेले होते.

"घरी जायचंय. पण बाबांना कसं सांगू?"

बाबा आले. बाई नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या, सांगितलं सईनंच. बाबांचा चेहरा उतरला. मी "अहो, निदान ही टर्म तरी..." म्हणेपर्यंत बाईंनी तिची बॅग उचलून गाडीत ठेवलीसुद्धा.

गाडी गेल्यावर मी कुरकुरले, "हरलो की हो आपण."

"आल्यापासून आज पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलं," बाई म्हणाल्या. "ते कसं नाकारायचं?"

घरी येऊन ह्यांना सांगितलं, की शिरा संपेपर्यंत मी गप्प बसले होते, तर ह्यांचा विश्वासच बसेना.