लाल फडक्यातली राजकन्या

मिठागरातलं ऊन पांढरं असतं. पाण्यावर, मिठाच्या राशींवर, बायकांच्या डोक्यावरच्या टोपल्यांवर, जिकडे पाहावं तिकडे तेच. ते ऊन ज्यानं अंगावर घेतलं आहे त्याला मुद्दाम सांगायला नको, की हिरव्यागार बागेतल्या राजकन्येची गोष्ट तिथे किती गार वाटते. डोंबिवलीच्या अंगाला, खाडीकाठच्या आमच्या गावात, दुपारची भाकरी झाली की पोरी अजून शेवंतीबाईभोवती जमतात आणि ती वाचते. हे कसं सुरू झालं, ते मी सांगतो.

शेवंती ठाण्याची, टेंभी नाक्याजवळ मामाकडे वाढलेली. खाडीवर आगगाडीचा पूल होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. मामा त्या गाडीनं मुंबईला जाऊन एका छापखान्यात कागदाचे गठ्ठे वाहायचा. मुलींच्या शाळेत तिला त्यानंच घातलं. शाई पसरून फुकट गेलेले कागद तो वेचून आणायचा, मामी ते दाभणानं शिवायची. असं तिचं एक पुस्तक झालं. त्याला ना पुठ्ठा, ना नाव. आत एक राजकन्या होती, माळ्याचा वेष घेतलेला राजपुत्र होता आणि चुगलखोर मैना होती. शेवंती पालथी पडून ते वाचायची. शेवट पाठ झाला होता, तरी वाचायची. सगळं गोड होणार हे ठाऊक असलं की तिला बरं वाटायचं.

पंधराव्या वर्षी, माघात, लग्न होऊन ती आमच्या गावात आली. नवरा रघू अबोल, पण मायाळू. खाऱ्या हवेनं कागद सर्द होऊ नये म्हणून तिनं पुस्तक लाल फडक्यात बांधून पेटीत ठेवलं होतं.

सासू कमळाबाईनं पेटी उघडली आणि ती जागच्या जागी थांबली. त्या घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं. लाल फडक्यात बांधलेला छापील कागद म्हणजे पोथी, आणखी काय असणार? तिनं हात धुतले, पुस्तक देव्हाऱ्यात नेलं, वर झेंडूचं फूल वाहिलं.

"सुनंनं पोथी आणली माझ्या," ती घरोघर सांगून आली. "सरावनात वाचंल."

नवी नवरी पेचात पडली. खरं सांगावं तर सासूचं गावात हसं होणार. गप्प बसावं तर पुस्तक देवाचं झालं. दिवसभर मीठ वाहून मान अवघडली की संध्याकाळी दोन पानं वाचावीत, तिला एवढंच हवं होतं. पण पोथीला अंघोळीशिवाय हात कसा लावायचा, आणि लोळत पोथी कोण वाचतं? ती नुसती देव्हाऱ्याकडे बघत राहायची.

"वयनीची लय भक्ती हाय," धाकटी नणंद धाकू चिडवायची. "देवाव नजर लावून जेवते."

भाताची लावणी आटोपली, श्रावण लागला. सोमवारी कमळाबाईनं ओटी सारवली, चौरंग मांडला, शेजारणी बोलावल्या. सगळ्या हात जोडून बसल्या. शेवंतीनं ठरवलं होतं, की पुस्तक उघडं धरायचं आणि तोंडानं मामीकडून ऐकलेली शंकराची कहाणी सांगायची. पण इतक्या महिन्यांनी तिची अक्षरं समोर आली, आणि ती वाचतच सुटली.

बाग आली, कारंजं आलं. वाक्य संपलं की बायका कपाळाला हात लावत. राजपुत्र खांद्यावर कुदळ घेऊन आत शिरला, त्यानं राजकन्येच्या वेणीत फूल माळलं. तेव्हा म्हाताऱ्या सखुबाईनं मान वर केली.

"कमळे, ह्यो देव कंचा गं? सोंग घेऊन पोरींच्या बागंत शिरतो तो?"

"किस्नदेव असंल," कमळाबाई म्हणाली. "त्याचीच असली कामं."

शेवंतीनं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"आत्याबाई, ह्यो देव नाय. ही पोथी पण नाय. मजेची गोष्ट हाय. तुमी फूल वाहिलं तवाच सांगाया पायजे होतं."

धाकूनं पदर तोंडात कोंबला. कमळाबाई चौरंगाकडे बघत राहिली. घरोघर जाऊन सांगितलेलं सगळं तिला आठवत असणार.

"म्हंजे मी मघापासून त्या माळ्याच्या पाया पडते?" सखुबाई म्हणाली.

एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. कमळाबाईला मात्र हसू आलं नाही. तिनं पुस्तकाकडे बोट केलं.

"त्या पोरीला कळला का, माळी कोन हाय त्यो?"

"अजून नाय."

"मंग थांबलीस कशाला?"

तिनं जोडलेले हात सोडले, भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब पसरले. तिचं बघून सगळ्याच सैल बसल्या. शेवंतीनं पान उलटलं. दिवेलागण झाली तरी राजकन्येनं माळ्याला ओळखलं नव्हतं, आणि चूल पेटवायला एकही बाई उठत नव्हती.