झूरा आपाची पाण्याची पाळी

जोरोबेक एकतीस वर्षं झूरा आपाच्या शेजारी राहिला, पण तिच्याबद्दल चार वाक्यं सांग म्हटलं तर तो अडखळतो. बाजारगावातल्या ईसाच्या, म्हणजे येशूच्या, भक्तांच्या प्रार्थनेच्या खोलीत ती पहिल्यांदा कुणाबरोबर गेली, तिथे तिला काय झालं, हे त्याने कधी विचारलंच नाही. त्याला ती ठाऊक आहे ती पाटाच्या पाण्यापुरती, कारण तो पाण्याच्या पाळ्या लावणारा गावचा पाटकरी होता.

डोंगरावरून वितळून येणाऱ्या बर्फाचं पाणी कमी, बटाट्याची शेतं जास्त. दर घराला दहा दिवसांतून एक पाळी. पाळी चोरण्यात झूरा आपाचा हात धरणारं कोणी नव्हतं. फावड्याचे दोन घाव, की पाटापलीकडच्या मामबेतचं पाणी तिच्या सरीत. वर भांडायला तीच पुढे.

मग एका वसंतात ती तंदूरच्या गरम रोट्या घेऊन घरोघर गेली. दारातच म्हणायची, “तुमचं पाणी मी चोरायचे. मी अशी असतानाच ईसा मसीहाने मला जवळ केलं. आता चोरणार नाही.”

बायका रुमालाआड हसल्या. मामबेत म्हणाला, “आपा, रोटी तरी तुमच्याच पिठाची ना?”

“माझ्याच. खा गुपचूप.”

पुढे हसणं थांबलं; मुसलमान गावाला हे खपेना. बायकांबरोबर लोकरीचा नमदा लाटायला बसली तरी ती ईसाबद्दल बोलायची, आजाऱ्याच्या उशाशी बसली तरी बोलायची. तिसऱ्या उन्हाळ्यात गावच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की ती तोंड बंद करेपर्यंत तिचं पाणी बंद. सगळ्यांत मोठा आवाज मामबेतचा होता. जोरोबेकने मान खाली घातली. चारचौघांत तो सहसा बोलायचाच नाही.

निरोप सांगायला मात्र त्यालाच जावं लागलं.

“आपा, गप्प बसते एवढं म्हणा. मनात काय आहे ते कोण बघायला येतंय?”

“मनातच ठेवायचं असतं तर रोट्या घेऊन तुझ्या दारात आले असते का रे?”

“बटाटे जातील.”

“जातील,” ती म्हणाली आणि खुरपायला बसली.

सतरा दिवस झाले. पानं पिवळी पडून जमिनीला टेकली. बादल्या वाहून तिने दोन सऱ्या कशाबशा जगवल्या. वर्षभर खायला तिच्याकडे त्या बटाट्यांखेरीज काही नव्हतं.

अठराव्या सकाळी मामबेतची पाळी होती. पाणी सोडून तो चहा प्यायला घरी गेला आणि त्याच्या शेताच्या वरच्या अंगाला पाट फुटला. जोरोबेक धावत पोचला तेव्हा झूरा आपा गुडघाभर गार पाण्यात उभी होती. पाणी मामबेतच्या गवताच्या गंजीकडे निघालं होतं. ती ढेकळं उपटून भगदाडात रचत होती, वाहून गेली की पुन्हा रचत होती. पाटाच्या दुसऱ्या काठाला तिचं सुकलेलं शेत होतं.

दोघांनी मिळून पाट बांधला. तिचे ओठ निळे पडले होते.

“एक घाव तुमच्या बाजूला घातला असता,” जोरोबेक म्हणाला, “तर गंजीही वाचली असती आणि बटाटेही. कोणी नावं ठेवली नसती.”

“ठेवली असती. ईसाची झाली तरी झूरा ती झूराच, म्हणाले असते.” तिने फावडं धुतलं. “मला पाणी हवंय, जोरोबेक. पण माझ्या पाळीचं.”

त्या दुपारी चहाखान्यात, सगळ्यांसमोर, जोरोबेकने पाळ्यांची वही उघडली. एका ओळीवर बोट ठेवलं.

“उद्या सकाळी झूरा आपा,” तो म्हणाला.

“कोणाला विचारून?” मामबेत ओरडला.

“तुझ्या गंजीला विचार.”

कोणीतरी हसलं. मामबेतने चहाची वाटी खाली ठेवली. म्हाताऱ्यांपैकी एकाने वही मागितली. जोरोबेकने दिली नाही.

अर्धे बटाटे वाचले. ईसाबद्दल ती पहिल्यासारखीच बोलत राहिली. कोणी ऐकलं, कोणी उठून गेलं. शरदात तिची मुलगी तिला शहरात घेऊन गेली आणि त्याच हिवाळ्यात झूरा आपा तिथे वारली.

शहराच्या गाडीत बसण्याआधी ती जोरोबेकच्या कुंपणाशी आली होती. हातात फावडं होतं.

“हे ठेव तुझ्याकडे. दांडा ढिला झालाय.”

“पाचर मारतो, आपा.”

“आणि वसंतात माझी पाळी कधी, ते आधी कळव.”

“कळवतो.”

“विसरशील.”

“वहीत लिहितो, आपा.”