कोठीतला डबा

चौथीत शाळा सुटली माही, लिहिण्यात चुका असतीन त समजून घेजा. ओलिताच्या पायी जन्मभर वावरात झोपलो... भूत सोडा, भुताची सावली दिसली नाई. असल्या गोष्टी सांगणाऱ्याले मी तोंडावर खोटारडा म्हणे. आता मलेच सांगायची पाळी आली.

आमचं गाव रोहणा, तालुका आर्वी. भाजीपाल्याची शेती. सन दोन हजारच्या मागंपुढं गावात म्हाताऱ्यांचा वर्ग निघाला – वाचणं, लिहिणं. माही बायको कमल उतारवयात पाटी घेऊन बसली, मलेबी ओढत नेलं. त्या वर्गाची डेन्मार्क देशातल्या म्हाताऱ्यांच्या शाळेसंग अदलाबदल ठरली. एका साली त्यांनी आमच्या घरी राहायचं, पुढच्या साली आमी त्यांच्या.

आमच्या वाट्याले हेल्गाबाई आली. वांगे तोडे, चुलीपाशी बसे. दोघींले एकमेकीची भाषा येत नव्हती, तरी दिवसभर खिदळत. जाताना कमलनं तिले लाडूचा स्टीलचा डबा देला, ‘सौ. कमल’ नाव कोरलेला. वर्ग चालवणाऱ्या मंदाताईले म्हणे, “तिले सांगा, आमच्यात रिकामं भांडं परत करत नाईत. मी येईन तवा भरून देजो म्हना.”

पासपोर्ट आले. मी म्हटलं, “तू एकटीच जाऊन ये. वांगे कोन तोडन?”

“अवो, तुमाले सोडून मी आर्वीच्या बाजारात जात नाई. जाईन त तुमच्यासंगच.”

माघात कमलच गेली. छातीत कळ आली, अन् बस. मंदाताईनं फोनवर तिकडं कळवलं. मी काई डेन्मार्कले गेलो नाई. घरात बसून तिचीच वाट पाहे – एकदा दिसावी, सपनात तरी. नाई दिसली.

दिवाळीनंतर हेल्गाबाई पुन्हा आली, एकटीच. ओसरीत बसून माहा हात धरला अन् बोलत राह्यली. मंदाताई तिची भाषा समजवाले संग होती, पण सांगायलेच तयार नव्हती.

“काकाजी, ही म्हणते... उन्हाळ्यात ज्या दिवशी तुम्ही दोघं तिकडं पोचणार होते ना, त्या दिवशी काकू हिच्या घरी आल्या होत्या. भर दुपारी. खुर्चीवर नाही, खालीच बसल्या. बोलल्या काहीच नाही. हिनं सफरचंदाच्या वाळलेल्या चकत्या भरून डबा समोर ठेवला. वळून पाहते त काकूही नाही, डबाही नाही.”

“मेलेल्या माणसाची थट्टा करून राह्यली का वो ही?” मी भडकलो. “अन् डबा कुठं हाय मंग?”

हेल्गाबाई रडाले लागली.

डबा म्हटल्यावर मले कोठी आठवली. मले शुगर हाय. घरात गोड आलं का कमल ते गव्हाच्या कोठीत दाबून ठेवे. मी हुडकलं का म्हणे, “चोर हाय तुमी!” पण हे गहू तिच्यामागं, होळीनंतर, मीच भरले होते. कोठीचं वरचं तोंड माह्याच हातानं शेणमातीनं लिपलं. गहू काढतो खालच्या मूठभर भोकातून.

लिपण जसंच्या तसं. दोघींसमोर फोडलं, आत हात घातला... डबा. ‘सौ. कमल’. आत चकत्या.

मंदाताईनं हात जोडले. हेल्गाबाई डोळे पुसून हसली, पाहुणी सुखरूप घरी पोचल्यावानी. मले मात्र अशी चीड आली का काय सांगू. कोठीले लागूनच माही खाट हाय! एवढा समुद्र ओलांडून बाई गेली, घरी परत आली, डबा ठेवला – अन् खाटेवरच्या माणसाले एक आवाज देला नाई. तुमच्यासंगच, म्हणे.

लिपण न फोडता डबा आत गेला कसा, मले अजून समजलं नाई. मंदाताईलेबी नाई. जिले ठाऊक हाय, ती सांगत नाई.

चकत्या मी खाल्ल्या. सगळ्या. म्हटलं, शुगर वाढू दे, आता त ओरडाले येशीन... डबा रिकामा झाला. नाई आली.