पुढच्या चाकांवरचं वजन

वर्तक डॉक्टरांना बक्स्टनच्या डोंगरावर कुणी राहायला सांगितलं होतं, हे त्यांच्या लेस्टरच्या मित्रमंडळींना कधीच कळलं नाही. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस, थंडीत नाक लाल व्हायचं, तरी राहायला जागा शोधली ती इंग्लंडातल्या डर्बीशरच्या माळावर, जिथे मेंढ्यासुद्धा भिंतीच्या आडोशाला उभ्या राहतात. घर स्वस्तात मिळालं आणि खिडकीतून लांबवर दिसतं, एवढ्यावर गडी भुलला. हाडांचा डॉक्टर. मोठ्या हुद्द्यावर कधी पोचला नाही, त्याची फारशी खंतही केली नाही. गावातल्या निम्म्या लोकांची मनगटं त्यांनी जोडलेली होती.

आता ते निवृत्त आहेत आणि गावात त्यांची ओळख वेगळीच आहे. ‘ट्रॅक्टरवाले डॉक्टर’. घरापासून खाली मोठ्या रस्त्यापर्यंत एक अरुंद गल्ली जाते, दोन्ही बाजूंना दगडी भिंती. ती कौन्सिलच्या हद्दीत येत नाही, म्हणून तिथला बर्फ काढायला कुणी येत नाही. डॉक्टर लाल रंगाच्या, मागे इंजिन असलेल्या छोट्या गार्डन ट्रॅक्टरला पुढून लोखंडी पातं लावतात आणि बर्फ पडला रे पडला की निघतात. एकही हिवाळा चुकलेला नाही. त्यांच्या पत्नी शैलाताई कौतुकानं म्हणत नाहीत आणि चिडूनही म्हणत नाहीत, पण म्हणतात, “ह्यांना जेवणाची आठवण करावी लागते, बर्फाची नाही.”

त्यामागचं कारण त्या दोघांनाही माहीत होतं आणि घरात ते कुणी बोलत नसे.

लग्नानंतर त्यांना पहिला मुलगा झाला तो जानेवारीत. बाराव्या दिवशी बारसं होतं, लेस्टरच्या बायका यायच्या होत्या. शैलाताईंनी आदल्या संध्याकाळीच वरवंट्याला कुंची घालून ठेवली होती. आपल्याकडे बाळाच्या आधी वरवंटा पाळण्याभोवती फिरवतात, दगडासारखं दणकट आयुष्य लाभावं म्हणून. पण पहाटे बाळाला श्वास घेता येईना. अॅम्ब्युलन्स मोठ्या रस्त्यावर बर्फात अडकली. डॉक्टर बाळाला कोटात घेऊन गल्लीतून चालत निघाले, गुडघाभर बर्फातून. मधल्या वळणावर, डाव्या भिंतीपाशी, बाळाचा श्वास थांबला. डॉक्टर माणूस, तिथेच बर्फात गुडघे टेकून जे करायचं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही. नाव ठेवायचं राहून गेलं.

पुढच्या हिवाळ्याआधी दारात ट्रॅक्टर आला. वरवंटा मात्र कुंचीसकट कपाटाच्या वरच्या फळीवर गेला, आणि शैलाताईंनी चटणीसाठी मिक्सर आणला.

आता त्या वळणाची गोष्ट. ट्रॅक्टर तिथे कधीच सरळ जात नसे. डॉक्टर स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवायचे, पुढची चाकंही वळायची, आणि तरीही ट्रॅक्टरचं नाक हळूहळू डाव्या भिंतीकडे सरकत जायचं. घाईनं नाही. एखादं मूल बोट धरून ओढतं तसं. भिंतीपाशी पाटाएवढा एक तुकडा होता, तिथे बर्फ बसत नसे. सगळीकडे हातभर थर असला तरी तिथे ओलं काळं गवत दिसायचं. खालून झरा असेल, डॉक्टर म्हणायचे. झरा त्यांनी उन्हाळ्यात शोधला होता आणि सापडला नव्हता, हे ते म्हणायचे नाहीत.

शास्त्र शिकलेला माणूस शास्त्राकडेच जाणार. त्यांनी कारणं शोधली आणि खरं सांगायचं तर ती बरोबरच होती. पातं तिरकं लावलं की बर्फाचा रेटा नाकाला एका बाजूला ढकलतो. पातं जमिनीवर जोरात दाबलं की भार पात्यावर जातो आणि पुढची चाकं हलकी होतात. चाकं वळतात, पण धरत नाहीत. सुरुवातीला त्यांनी मागे वाळूची पोती बांधली आणि फजिती करून घेतली, कारण मागच्या आसाच्या पलीकडे वजन टाकलं की पुढचं टोक उचललं जातं, तागडीसारखं. मग हिरवळीसाठीचे गुळगुळीत टायर काढून लांब कडा असलेले टायर आणले. हवा थोडी कमी ठेवली. चाकांत पाणी आणि न गोठणारं द्रावण भरलं. साखळ्या चढवल्या. दर वर्षी काहीतरी नवं, आणि दर वर्षी सगळ्या गल्लीत ट्रॅक्टर गुणी बाळासारखा चालायचा. वळणावर मात्र पुन्हा तेच.

यंदा त्यांनी गॅरेजमध्ये पडलेला दगडी पाटा पुढच्या आसावर पट्ट्यांनी आवळून बांधला. वरवंट्याशिवाय पाट्याचा दुसरा उपयोग तरी काय होता? शैलाताई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“पाट्यालाही कामाला लावलंत तुम्ही,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

यंदा डॉक्टरांना वेगळीच काळजी होती. आश्लेषा, त्यांची मुलगी, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. लंडनमधल्या हाउन्सलोमध्ये तिच्या घरापासून हॉस्पिटल बसनं जाण्याइतकं जवळ. पण शैलाताईंनी पहिलं बाळंतपण माहेरीच म्हणून हट्ट धरला, डिंकाचे लाडू आधीच वळून ठेवले, आणि जावई अर्जुन कामासाठी हाउन्सलोतच राहिला. ऐन जानेवारीत गरोदर लेकीला माळावर आणून ठेवायची अक्कल फक्त आपल्याच माणसांना सुचते. डॉक्टरांनी विरोध करायला हवा होता. केला नाही, कारण लेक घरी येणार म्हटल्यावर त्यांनाही हुरूप आला होता. आता ते दर तासाला हवामान बघत होते.

तारीख अजून लांब होती. पण त्या दिवशी दुपारी, बाहेर बर्फ आडवा पडत असताना, आश्लेषा स्वयंपाकघराच्या दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली.

“बाबा, माझी पाठ खूप दुखतेय. आणि आय थिंक वॉटर्स ब्रेक झालं.”

फोन झाला. अॅम्ब्युलन्स मोठ्या रस्त्यापर्यंत येईल, वर गल्लीत येणार नाही, असं तिकडून सांगितलं. गल्ली मोकळी झाली तर येतील. शेजारचा मेंढपाळ मोठा ट्रॅक्टर घेऊन मोठ्या रस्त्यावर अडकलेल्या गाड्या ओढत होता, त्याला यायला वेळ लागणार होता. डॉक्टरांनी लेकीची नाडी पाहिली, बाळाचे ठोके ऐकले. ठोके मंद होते. त्यांना ते आवडले नाहीत. त्यांनी हातमोजे घातले आणि ते बाहेर पडले.

पहिल्या टप्प्यात ट्रॅक्टर छान चालला. पाट्याच्या वजनानं पुढची चाकं दाबली गेली होती, साखळ्या बर्फात रुतून पकड घेत होत्या. डॉक्टरांना धीर आला. मग वळण आलं. धुकं खाली उतरलं होतं, भिंतीमागे मेंढ्या रांगेनं उभ्या होत्या, आणि एकही मेंढी चरत नव्हती. त्यांनी पातं सरळ केलं, थोडं वर उचललं, स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं.

नाक डावीकडे गेलं.

ट्रॅक्टर भिंतीला टेकला आणि पातं त्या काळ्या गवतावर अडकलं. त्यांनी मागे घेतला, पुन्हा पुढे आणला. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्यांना स्टिअरिंगमध्ये काहीतरी जाणवलं. ती चाकांची थरथर नव्हती. ते हलकंसं ओढणं होतं, थांबून थांबून, आणि अंगावर काटा आला तरी हात सुटेना. त्यांच्या आवाजात मेंढ्यांनाही ऐकू जाईल इतका राग होता. “सोड! आज तरी सोड, बाबा.” दगडी भिंतीनं आवाज परत दिला आणि ते स्वतःच्याच आवाजाला घाबरले.

मागे पावलं वाजली. शैलाताई बर्फातून खाली येत होत्या, पदराखाली काहीतरी धरून.

“आश्लेषा एकटी आहे!” डॉक्टर ओरडले.

“मिडवाइफ फोनवर आहे तिच्याबरोबर. मला लगेच जायचंय.” त्यांनी पदर बाजूला केला. कुंची घातलेला वरवंटा. इतक्या वर्षांनी डॉक्टरांनी तो पाहिला. कुंचीचे मोती पिवळे पडले होते. “हा पुढे बांधा.”

“शैला, अगं, चार-पाच किलोनं काय होणार आहे? पाटा त्याच्या कितीतरी पट जड आहे.”

“अहो, वजनाचं कोण बोलतंय?” शैलाताई म्हणाल्या. “दर हिवाळ्याला तुम्ही इथून जाता, आणि दर हिवाळ्याला त्याला इथेच टाकून पुढे जाता. तो ओढणार नाही तर काय करेल? त्याला बरोबर घ्या.”

डॉक्टरांनी बोटं वळत नव्हती तरी पट्टा सोडला, वरवंटा पाट्यावर आडवा ठेवला आणि आवळून बांधला. कुंचीचं टोक पुढे आलं, वाट बघणाऱ्या बाळासारखं. शैलाताई वर निघून गेल्या, मागे न बघता.

त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला आणि पुढे सोडला. स्टिअरिंग उजवीकडे. पुढची चाकं बर्फात घुसली, साखळ्यांनी जमीन धरली, आणि नाक वळलं. सहज. जणू ते नेहमीच वळत होतं. डॉक्टर रडत होते की वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, ते त्यांनाच माहीत. खालपर्यंत ते वरवंट्याशी बोलत होते, काय ते नंतर त्यांना आठवलं नाही. एवढं आठवलं की एकदा त्यांनी विचारलं होतं, “थंडी वाजतेय का?”

मोठ्या रस्त्यावर निळा दिवा फिरत होता. अॅम्ब्युलन्स त्यांच्या मागे मागे गल्ली चढली. ती लेकीला घेऊन खाली गेली आणि दिवेलागणीच्या सुमारास हॉस्पिटलमधून फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या.

फोन ठेवून डॉक्टर गॅरेजमध्ये गेले. ट्रॅक्टरवर, पात्यावर, पाट्यावर बोटभर बर्फ साचला होता. वरवंट्यावर कणभरही नव्हता. त्यांनी हातमोजा काढून कुंचीला हात लावला. ती कोरडी होती, आणि आतला दगड कोमट होता. इंजिनाची ऊब असेल, असं त्यांच्या मनात आलं. इंजिन मागे होतं आणि केव्हाच गार पडलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते तसेच, हात न काढता, बराच वेळ उभे राहिले.

बारशाला अर्जुन आला, त्याची बहीण नीना आली, लेस्टरच्या दोघीतिघी आल्या. रस्ते मोकळे होते. पाळणा सजला. वरवंटा आणा म्हटल्यावर शैलाताईंनी तो आणला. तो कुंचीत होता आणि कुंची कुणाची, हे जुन्या बायकांना माहीत होतं. पाळण्याखालून तो या हातातून त्या हातात गेला. शेवटी शैलाताईंनी तो डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला.

“आधी ह्याचं,” त्या म्हणाल्या. “त्याची आत्या आता नाही. तुम्हीच सांगा.”

डॉक्टर वाकले आणि दगडाच्या कानात म्हणाले, “शार्दूल.” अर्जुननं मान खाली घातली. आश्लेषाला आपल्याला भाऊ होता हे माहीत होतं, त्याचं नाव तिनं पहिल्यांदाच ऐकलं. मग नीनानं पाळण्यातल्या मुलीच्या कानात ‘अन्वी’ म्हटलं. शैलाताईंनी दगडावरची कुंची काढली, झटकली, आणि अन्वीला घातली. संध्याकाळी वरवंटा धुऊन पाट्यावर ठेवला आणि त्या घरात कितीतरी वर्षांनी पाट्यावरची चटणी झाली.

मार्चमध्ये हिवाळ्यानं जाता जाता एक शेवटचा दणका दिला. डॉक्टर उजाडल्यावर ट्रॅक्टर घेऊन निघाले. पुढे पाटा नव्हता, वरवंटा नव्हता, दोन्ही स्वयंपाकघरात होते. साखळ्या तेवढ्या होत्या. वळण जवळ आलं तसे त्यांचे हात सवयीनं घट्ट झाले. त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवायला घेतलं आणि ट्रॅक्टर जरुरीपेक्षा जास्त वळला, उजव्या भिंतीला लागता लागता वाचला. ओढायला कुणीच नव्हतं.

त्यांनी ट्रॅक्टर थांबवला आणि डावीकडे पाहिलं. भिंतीपाशी बर्फ होता. सगळीकडे होता तसाच, पांढरा, सारखा, हातभर. काळं गवत कुठे होतं ते ओळखूही येईना. मेंढ्या पलीकडे पाठ करून बर्फ उकरत होत्या.

गल्ली खालपर्यंत मोकळी करायची होती. खाली कुणी वाट पाहत नव्हतं, घाई नव्हती. डॉक्टरांनी थोडा वेळ इंजिन तसंच चालू ठेवलं. मग त्यांनी पातं वर उचललं, ट्रॅक्टर मागे घेतला, आणि आपल्या हातानं स्टिअरिंग डावीकडे वळवून भिंतीपाशी नेला.