काकूंना दिसणारं घर

गल्लीत सगळे त्यांना शिंपीकाका म्हणत. मूलबाळ नव्हतं, संसार काय तो काका आणि काकूंचा. काकू विसरायला लागल्या तेव्हा काकांनी आधी ते थट्टेवारी नेलं. पण एका दुपारी गॅस तसाच पेटता ठेवून त्या बाहेर पडल्या आणि भलत्याच घराची कडी वाजवत बसल्या. शेवटी काळजावर दगड ठेवून काकांनी त्यांना रुग्ण सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवलं.

तिथे काकूंचा एकच धोशा, "मला घरी न्या."

भाच्याने तोडगा काढला. शिलाई मशीनच्या खोलीत कॅमेरा बसवला, ते चित्र बाहेर पाठवायला कपाटाशेजारी जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून ठेवला आणि काकूंच्या टॅबवर घर दिसायला लागलं. त्या तासन्‌तास बघत बसायच्या. काका कापड बेततात, चष्मा शोधतात, स्वतःशीच पुटपुटतात. काकूंचा जीव रमला.

पण वीज जाऊन आली की इंटरनेट कंपनी घराला नवाच नंबर द्यायची. टॅब जुन्या नंबरावर घर शोधत राहायचा आणि पडदा काळा. "अहो, घर कुठे गेलं?" म्हणून काकू फोनवर रडायच्या. भाचा परगावी नोकरीला. नवा नंबर टाकायला त्याला सवड होईपर्यंत दोन-चार दिवस जायचे.

काकांनी कंपनीच्या ऑफिसात खेटे घातले.

"कायमचा पब्लिक आयपी, म्हणजे न बदलणारा नंबर, दुकानांना, कारखान्यांना लागतो, काका. तुम्हाला घरी कशाला हवाय?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"बायकोला घर सापडत नाही हो," काका म्हणाले.

बाईंनी मागणी नोंदवून घेतली. तरीही आज-उद्या करत माणूस यायला बरेच आठवडे गेले, आणि भाच्यालाही सवड न मिळाल्याने तोवर काकूंच्या टॅबवर अंधारच होता.

अखेर तंत्रज्ञ आला. राउटरमध्ये कायमचा नंबर घातला, बाहेरून सर्व्हरपर्यंत यायची एकच वाट मोकळी ठेवली, तिला पासवर्ड लावला. काकांनी मुद्दाम मेन स्विच पाडून पुन्हा चढवला. नंबर जागचा हलला नाही. काकांना कोण आनंद! त्यांनी लगेच संस्थेत फोन लावला. नर्सबाईंनी टॅबवर नवा नंबर आणि पासवर्ड टाकून तो काकूंपुढे धरला. काका कॅमेऱ्यासमोर उभे राहून हात हलवू लागले.

"दिसतंय का गं?"

"दिसतंय की. नीटनेटकं आहे. कुणाचं हो घर?"

काकांचा हात वरच राहिला.

"एक म्हातारा आहे तिथे," काकू म्हणाल्या. "एकटाच दिसतोय बिचारा. बायको कुठे गेली त्याची?"

"बाहेर गेलीय," काका कसंबसं बोलले. "येईल."

"मग जेवला का तो?"

काकांनी फोन ठेवला, ताट वाढून घेतलं आणि मशीनपाशी, कॅमेऱ्याकडे तोंड करून बसले. ते सावकाश, काकूंना दिसेल असे जेवले.