भोंग्यावरून न घेतलेलं नाव

कोपरगावकडच्या ऊसतोडणी कामगारांच्या हक्कांसाठी आम्ही संघटना काढली, तेव्हा निधी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. संघटनेच्या खोलीबाहेर देणगीदारांची फरशी आहे. तिच्यावरचं पहिलंच नाव चुकीचं आहे, आणि ती चूक माझी आहे. माझ्याबरोबरची माणसं गेली. सांगायला मीच उरलो.

बहात्तरच्या दुष्काळातला हंगाम होता. चाऱ्याला सोन्याचा भाव आलेला. तोडणीवाल्या बायका वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, मोळ्या बांधून रस्त्यावर विकत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जाई आणि मजुरी नवऱ्याच्या हाती पडे. वाढ्याचे पैसे तेवढे बाईच्या कनवटीला राहत. पूर्वेच्या कोरडवाहू भागातली एक बाई तसे आठवडाभराचे पैसे घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. तोडणीवाल्यांच्या मुक्कामाच्या तळावरची ती पहिली देणगी.

मी पावतीवर तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. तशीच रीत होती.

"पावती कुनाची बी असू द्या," ती म्हणाली. "सभेत भोंग्यावर माझं नाव घ्या, भाऊ. हितं समदे मला अर्धा कोयता म्हनत्यात. नाव हाय मला." मग जरा पुढं होऊन तिनं ते हळूच सांगितलं आणि स्वतःच हसली. "इसरू नका बरं."

"नाही विसरणार," मी म्हणालो.

सभेत मी यादी वाचायला उठलो, तर हे कानावर गेलेल्या तिच्या टोळीच्या मुकादमानं माझा दंड धरला. "बाईचं नाव भोंग्यावर? उद्या हंगामाची आगाऊ उचल बी तीच मागंल! घ्या खुशाल, पर माझी टोळी तुमच्यात न्हाई."

मला ती टोळी हवी होती. मी नवऱ्याचं नाव वाचलं. टाळ्या पडल्या. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो गोंधळून इकडंतिकडं बघू लागला. ती पुढंच बसली होती. लिंबावर टांगलेल्या भोंग्याकडं ती शेवटपर्यंत बघत राहिली.

सकाळी ती मोळी बांधताना दिसली.

"काय भाऊ, नेमका माझ्याच नावाला भोंगा बिघडला व्हय?"

मी कसनुसा हसलो.

"असू द्या. वाढं बी आमच्या मालकानंच इकलं असंल." मोळी डोक्यावर घेऊन ती गेली. पुढच्या साली ती टोळी आमच्याकडं आलीच नाही.

परवा मी संघटनेच्या पोरांना म्हणालो, फरशीवरचं नाव बदला. "काय लिहू, आजोबा?" एकानं विचारलं. मला सांगता येईना. तिचं पुढं होणं आठवतं, हसणं आठवतं, 'इसरू नका बरं' तर कानातच आहे. नाव तेवढं गेलं.

हंगामात तळ पडला की मी काठी टेकत तिकडं जातो. बायका एकमेकींना हाका मारतात, त्या ऐकत बसतो. ऐकलं तर ओळखेन, असं अजून वाटतं.